ऊन लागले असे समजून

ताईच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढायचा होता आणि शस्त्रक्रियेपूर्वीची नेहमीची तपासणी म्हणून नागपूरच्या धंतोलीतील एका दवाखान्यात तिचा इसीजी काढला, एवढीच गेल्या जून महिन्यातील गोष्ट. ती पट्टी हातात घेऊन डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "यांना हार्ट अटॅक कधी येऊन गेला?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण तसे काही झाल्याचे आम्हाला, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला, ठाऊकच नव्हते.

रात्री महालातल्या तिच्या घरी बसून आम्ही मागचे दिवस आठवू लागलो, तेव्हा आदल्या वर्षीचा मे महिना पुढे आला. बडकस चौकातून भाजीची पिशवी घेऊन येताना तिला एकाएकी दरदरून घाम फुटला होता, मळमळत होते, धाप लागत होती आणि घरी पोहोचताच ती ओसरीवर आडवी झाली होती. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना अशा माणसाला ऊन लागले आहे, याबद्दल कोणाला शंका येणार? भाऊजींनी कैरीचे पन्हे दिले, तळपायांना कांदा चोळला, कूलरसमोर झोपवले. दोन दिवस थकवा राहिला आणि ती पुन्हा कामाला लागली. "छातीत दुखलं असतं तर मी सांगितलं नसतं का रे?" असे ती त्या रात्री मला म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरेच होते, छातीत दुखले नव्हते. झटका त्याच दिवशी आला असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. इसीजी फक्त जखमेचा वण दाखवतो, तारीख सांगत नाही.

ताईला सोळा वर्षांपासून मधुमेह आहे, मला नऊ वर्षांपासून. आमच्या आईलाही होता, त्यामुळे या आजाराची आमच्या घरात भीती उरलेली नाही, आणि हीच आमची चूक झाली असे मला आता वाटते. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासायची, आकडा बरा आला तर समाधान मानायचे आणि वाईट आला तर आठवडाभर संत्रा बर्फीकडे पाहायचे नाही, एवढ्यावर आमचा मधुमेह चालला होता. ताईचे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, सातच्या आसपास असे आणि नातेवाइकांत तिचे उदाहरण दिले जाई. मात्र तिचे कोलेस्टेरॉल शेवटचे केव्हा तपासले, हे त्या दिवशी तिच्या फाइलीत शोधले तेव्हा चार वर्षांपूर्वीचा कागद सापडला. लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी तर एकदाही झालेली नव्हती.

मधुमेही माणसाला झटक्याची वेदना अनेकदा का जाणवत नाही, याचे उत्तर मला नंतर कळले. अनेक वर्षे वाढलेली साखर पायांच्या नसांना बधिर करते हे आपण ऐकलेले असते, पण हृदयाकडून वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसाही त्याच साखरेने झिजतात. त्यामुळे हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला तरी ज्याची आपण सिनेमात पाहून सवय करून घेतली आहे ते छाती धरून कोसळणे अनेकदा घडत नाही. घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत अवघडल्यासारखे होणे, किंवा नुसतीच न समजणारी थकावट, एवढेच होते. ही लक्षणे आणि उन्हाची लक्षणे शेजारी शेजारी लिहून पाहिली तर विदर्भातल्या माणसाची फसगत कशी होते ते ध्यानात येईल.

साखर आणि हृदय यांचे नाते नवे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील लोकांचा वीस वर्षे पाठपुरावा करून १९७९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेह असलेल्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका दुप्पट ते तिप्पट असल्याचे दिसले, आणि हा वाढीव फटका स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक बसतो हेही दिसले. पाळी असेपर्यंत बाईला हृदयविकारापासून जे संरक्षण असते असे मानले जाते, ते मधुमेह बऱ्याच अंशी काढून घेतो. आपल्याकडे मात्र हृदयविकार म्हटले की घरातल्या पुरुषाचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो. भाऊजींचा इसीजी पाच वेळा निघाला होता, ताईचा पहिलाच.

आता मनात येईल की मग साखरच आणखी घट्ट आवळावी. मलाही तसेच वाटले होते. पण अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांहून अधिक मधुमेहींवर झालेल्या अ‍ॅकॉर्ड या अभ्यासात एचबीएवनसी सहाच्या खाली नेण्याचा चंग बांधलेल्या गटात मृत्यू अधिक होऊ लागले आणि २००८ साली तो कडक उपचार मध्येच थांबवावा लागला. याचा अर्थ साखर सांभाळू नये असा मुळीच नाही. आजार नवा असताना ती नीट सांभाळली तर पुढे अनेक वर्षे हृदयाला लाभ मिळत राहतो, हे ब्रिटनमधील दीर्घ पाठपुराव्यात दिसले आहे. अर्थ एवढाच की हृदयाचे दुखणे एकट्या साखरेमुळे होत नाही. रक्तदाब रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर आघात करीत असतो, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्या अस्तराखाली साचत असते, ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी वाढलेली आणि चांगले कोलेस्टेरॉल घटलेले असते, रक्त गोठवणाऱ्या चिकट्या पेशी (प्लेटलेट) अधिक चिकटतात, आणि साखर या सगळ्यांच्या आगीत तेल ओतते.

या बाबतीत मला सर्वांत पटलेला अभ्यास डेन्मार्कमधला आहे आणि तो अगदी लहान आहे. स्टेनो-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात केवळ १६० माणसे होती, सर्वांना मधुमेह होता आणि लघवीतून थोडे अल्ब्युमिन जात होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले आणि अर्ध्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम व तंबाखू हे सगळे एकाच वेळी हाती घेतले. सुमारे आठ वर्षांनी दुसऱ्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना जवळपास निम्म्या झाल्या होत्या, आणि एकवीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा त्या गटाचे आयुष्य सुमारे आठ वर्षांनी वाढलेले आढळले. यात चमत्काराचे औषध कोणतेही नव्हते.

ताईची अँजिओग्राफी झाली तेव्हा तिन्ही वाहिन्यांत अडथळे निघाले, आणि तेही एका ठिकाणी नव्हे तर ठिकठिकाणी, जे मधुमेहात नेहमी दिसते. घरात लगेच दोन तट पडले, कारण स्टेंट टाकून तिसऱ्या दिवशी घरी आलेला ओळखीचा माणूस प्रत्येकाकडे असतोच. शल्यचिकित्सकांनी बायपासचा सल्ला दिला आणि कारणही समजावून सांगितले. मधुमेह आणि एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असलेल्या १,९०० रुग्णांवर झालेल्या फ्रीडम या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१२ साली आले, बायपास केलेल्यांत पुढील पाच वर्षांत स्टेंट टाकलेल्यांपेक्षा मृत्यू आणि झटके कमी होते, पक्षाघात मात्र थोडे अधिक होते. ऑगस्टमध्ये ताईची बायपास झाली. मोतीबिंदू दिवाळीनंतर काढला.

या सगळ्या धावपळीत मी माझ्याही तपासण्या करून घेतल्या. इसीजी ठीक होता, पण एलडीएल ११८ निघाले. "लॅबच्या कागदावर तर हे फार नाही," असे मी म्हणालो तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की तो कागद सर्वसाधारण माणसासाठी आहे, माझ्या वयाच्या मधुमेहीने ते सत्तरच्या खाली ठेवावे आणि ताईसारख्या झटका येऊन गेलेल्या रुग्णाने पंचावन्नच्या खाली. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू झाली. या गोळीने साखर किंचित वाढू शकते, हे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून आमच्या गल्लीतील दोघांनी ती बंद केली आहे. वाढते हे खरे आहे, पण मधुमेहींवरच झालेल्या कार्ड्‌स या अभ्यासात २००४ साली रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिनने हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या होत्या, आणि या दोन गोष्टींत निवड करायला मला फार वेळ लागला नाही. हेच लोक मेडिकल स्टोअरमधून अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने आणतात. झटका न आलेल्या मधुमेहींत अ‍ॅस्पिरिनने जितका लाभ होतो, तो मोठ्या रक्तस्रावाच्या धोक्याने बराचसा फिटतो, असे २०१८ साली दिसून आले आहे, तेव्हा ती गोळी डॉक्टरांच्याच सांगण्यावरून घ्यावी.

माझी दुसरी अडचण खर्रा होती. नागपुरात खर्रा खाणारा माणूस स्वतःला तंबाखूचा व्यसनी समजत नाही. पन्नीत घासलेली सुपारी, चुना आणि "थोडासाच" तंबाखू, असा त्याचा युक्तिवाद असतो आणि तो मी एकवीस वर्षे केला आहे. धूर नसला तरी निकोटिन तेच असते, नाडी आणि रक्तदाब तेच वाढवते. सात महिने झाले, सोडला आहे. जेवणानंतरची वेळ अजूनही कठीण जाते.

ताईला आता डापाग्लिफ्लोझिन चालू आहे, जे साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि थकलेल्या हृदयावरचा भारही हलका करते. तिच्या हृदयाची पंपिंग चाळीस टक्क्यांवर उतरली होती, म्हणून हे औषध निवडले. भारतात २०२० साली त्याचे पेटंट संपल्यापासून ते अनेक कंपन्यांचे स्वस्तात मिळते. मात्र त्याने शरीरातले पाणीही जाते, आणि निर्जळ उपवासात किंवा उलट्या-जुलाब होत असताना साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो, म्हणून अशा वेळी गोळी थांबवून कळवा असे तिला लिहून दिले आहे. गेल्या हरतालिकेवरून त्यामुळे आमचे थोडे वाजले. शेवटी तिने फळे आणि दूध घेऊन उपवास केला.

उन्हाळ्याचा प्रश्न उरतोच. घामाने पाणी जाणार, त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या, म्हणजे उभे राहताना भोवळ येण्याची शक्यता आहे. डोस कमी करायचा का, हे ऊन चढण्यापूर्वी ठरवू असे डॉक्टर म्हणाले आहेत, म्हणून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील वेळ घेऊन ठेवली आहे. पन्हे देण्याआधी इसीजी, हे भाऊजींनी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहे.