पुण्यात कुठे समुद्र?

लेकीने तळहात पुढे केला. चारही बोटांच्या मुळाशी फोड. खडकवासल्याच्या पाण्यात ती होडीत एकटीच असते: एका हातात सुकाणू, दुसऱ्यात शिडाचा दोर, आणि अंग पार बाहेर झोकून दिलेलं. सिंहगडाच्या बाजूने वारा फिरला की काय करायचं ते तिचं तिनेच ठरवायचं. मी काठावर, जीव मुठीत धरून!

२०१४च्या नानजिंग युवा ऑलिंपिकमध्ये मुलींची ही एकटीने होडी हाकायची शर्यत तळ्यातच झाली होती. ३.६५ मीटर लांबीच्या 'बाइट' होडीवर सिंगापूरच्या समँथा यॉमने सुवर्णपदक जिंकलं. तळ्यात! 'पुण्यात कुठे समुद्र?' विचारणाऱ्या नातेवाइकांना मी आता हेच सांगते.

रविवारच्या आत हातमोजे आणायचेत.