बंड्याच्या वाटेवरचा मांडव: वेलांच्या एका हंगामाच्या नोंदी

घरामागच्या सांदवाडीत वेल लावायचे आणि त्याच आवारात कुत्रा मोकळा ठेवायचा, हे दोन्ही एकत्र जमते का, असे या हंगामात अनेकांनी विचारले. जमते, असे माझे मत झाले आहे. उलट ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याने पालेभाजीच्या वाफ्यांआधी वेलांचाच विचार करावा. वेलाचे सगळे वैभव कुत्र्याच्या डोक्यावरून जाते आणि भांडण होते ते केवळ बुडाशी, जमिनीलगतच्या दोन फुटांत. खालच्या नोंदी प्रामुख्याने त्या दोन फुटांच्या आहेत.

मे

आमचे गाव आर्वी तालुक्यात आहे आणि जमीन काळी, भारी आहे. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन पाणी पिऊन फुगते. त्यामुळे नुसता खड्डा करून रोवलेला खांब पोळ्यापर्यंत हमखास कलतो. म्हणून सागाच्या बल्ल्या दोन फूट खोल उतरवून त्यांच्याभोवती मुरूम ठोकून घेतला. मांडवाची उंची साडेसहा फूट ठेवली असून वर तार आणि बांबूच्या कमच्यांची जाळी बांधली आहे. खालून वाकून जावे लागू नये, तोडणी हाताने व्हावी आणि लोंबणारा दोडका कुत्र्याच्या तोंडाशी येऊ नये, या तिन्ही गोष्टी या उंचीत साधतात.

खांबांच्या जागा ठरवण्याआधी आमचा कुत्रा बंड्या कुठल्या वाटेने फिरतो ते बघून ठेवले. बंड्या हा गावठी नर आहे आणि त्याची फेरी ठरलेली असते: फाटकापासून कुंपणाच्या कडेने कडुलिंबापर्यंत, तिथून न्हाणीच्या मागे आणि पुन्हा फाटकाशी. गवत दबून आणि माती घट्ट होऊन ही वाट एखाद्या पांदणीसारखी स्पष्ट दिसते. माणूस या वाटेवर आळे करतो आणि मग कुत्र्यावर चिडतो. त्यापेक्षा आळेच वाटेपासून दोन फूट आत घेणे सोपे आहे. कुत्र्याची फेरी वळवण्याचा खटाटोप मला निरर्थक वाटतो. ती त्याची राखणीची फेरी आहे आणि आपण तिला अडसर घातला तर तो अडसर मोडून जातो.

त्याला दोरीने बांधून ठेवण्याचा सल्लाही मिळाला होता. त्यावर शेजारच्या आजींनी परस्पर उत्तर देऊन टाकले, ‘त्याले बांधून ठेवशीन तं वांदरं कोन हाकलन?’ आमच्या भागात वेलावरच्या कोवळ्या फळाचा खरा वैरी वानर आहे, कुत्रा नव्हे, हे ज्यांनी एका सकाळीत उघडा पडलेला मांडव पाहिला आहे त्यांना सांगावे लागत नाही.

नर कुत्र्याचा दुसरा प्रश्न म्हणजे खांबाशी पाय वर करणे. कुत्र्याच्या मूत्रात युरिया आणि क्षार असतात. हीच गोष्ट पसरून आणि पातळ होऊन पडली तर खत ठरते, पण एकाच बुडाशी रोज पडली की कोवळी मुळे जळतात आणि खालच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळू लागतात. शिवाय जिथे आधीचा वास आहे तिथेच कुत्रा पुन्हा जातो. म्हणून त्याच्या वाटेच्या वळणावर, वेलांपासून दूर, जुन्या बाभळीचे एक बुटके खोड रोवले आणि त्याच्या नेहमीच्या जागेवरची थोडी माती त्या खोडाच्या बुडाशी टाकली. मांडवाच्या नव्या बल्ल्या मात्र सुरुवातीला रोज सकाळी बादलीभर पाण्याने धुतल्या. आता ते खोड त्याचे आणि बल्ल्या माझ्या, अशी वाटणी झाली आहे.

तिसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात वर्धा, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि पोट गार मातीला लावून पडतो. अशा वेळी आवारात ओली जागा एकच असते आणि ती म्हणजे वेलाचे आळे. ते उकरले जाते यात खोडसाळपणा नाही. कडुलिंबाखाली हातभर खोल खड्डा करून त्यात नाल्याची रेती भरली आणि आळ्यांना पाणी देण्याआधी तिच्यावर पाणी मारायचे, असा क्रम ठेवला. क्रम महत्त्वाचा आहे, कारण जी जागा आधी गार होते ती तो आधी धरतो.

मृग आणि आर्द्रा

मृगात पाऊस चांगला झाल्यावर दोडका, कारले आणि आम्ही ज्याला लवकी म्हणतो तो दुधी लावला. भारी जमिनीत पाणी साचून बी सडते, म्हणून गादीवाफे वीतभर उंच केले. बी रात्रभर भिजवले. कारल्याच्या बियांचे कवच जाड असते, त्यांची कड नेलकटरने किंचित टोकरली की उगवण लवकर आणि एकसारखी होते.

रोपांभोवतीच्या आडोशासाठी बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या वापरण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु जिथे कुत्रा रोज वावरतो तिथे त्या नकोत. पंजात मोडलेला काटा आठवडाभर सर्वांना पुरतो. मी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, दीड फूट उंचीचा गोल कूड विणला. तुराटी हलकी असते, तिला लवचिकपणा असतो, हंगामभर टिकते आणि पुढच्या उन्हाळ्यात चुलीत जाते. पऱ्हाटीचाही, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचाही, प्रयोग करून पाहिला, पण तिच्या आडव्या फांद्यांमुळे वीण घट्ट बसत नाही.

वेलाला वर नेणारी सुतळी जमिनीत खुंटी ठोकून ताणण्याऐवजी ती वरून सोडून कुडाच्या वरच्या वळशाला सैल बांधली आहे. वानर दिसले की बंड्या मांडवाखालून सरळ धावतो. ताणलेली सुतळी पायात आली तर वेल मुळासकट उपटला जातो, सैल सुतळी मात्र फक्त हलते. तेवढा हिसका वेल स्वतः सोसतो. दोडक्याचा ताणा, म्हणजे आधार पकडणारा तंतू, जवळून पाहिला तर हे समजते: त्याचे टोक सुतळीला लागले की काही तासांत तिला विळखा घालते आणि नंतर मधला भाग स्प्रिंगसारखा वळू लागतो, अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने, मध्ये एक छोटासा सरळ तुकडा ठेवून. दोन्ही टोके धरलेल्या दोरीला एकाच दिशेने पीळ घालता येत नाही, म्हणून ही उलटी वळणे येतात. धक्का बसला की ती उलगडतात आणि पुन्हा आवळतात.

खताविषयी सविस्तर लिहितो, कारण कुत्रा असलेल्या बागेत खरा धोका पानांत कमी आणि पोत्यात जास्त असतो. एरंडीची ढेप सेंद्रिय खत म्हणून सहज मिळते आणि तिचा वास कुत्र्याला आवडतो. परंतु एरंडीच्या बियांतील रिसिन हे अतिशय जहाल विष असून ढेप खाल्ल्याने कुत्री दगावल्याची उदाहरणे आहेत. सरकीची ढेप आपल्याकडे घरोघरी असते. गाईबैलांचे पोट तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य बऱ्याच अंशी पेलते, कुत्र्याचे पोट पेलत नाही, त्यामुळे तिचे पोते उघडे राहता कामा नये. हाडांचा चुरा विषारी नसला तरी तो घातलेले आळे उकरण्याचे ते सरळ आमंत्रणच असते. मी पूर्ण कुजलेले शेणखत आणि निंबोळी ढेप एवढ्यावरच भागवतो. निंबोळी ढेप कडू असल्यामुळे बंड्या तिचा वास घेऊन पुढे जातो. तरीही ती मातीत मिसळून वर पालापाचोळ्याचा थर देतो.

श्रावण

वेल मांडवावर पोहोचल्यावर जमिनीपासून दोन फुटांपर्यंतची पाने आणि बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या बाजूच्या फांद्या, काढून टाकल्या. याने तीन कामे होतात: हवा खेळती राहून केवडा रोग कमी येतो, दाट पाल्यात गोचिडांना आसरा मिळत नाही आणि बुडाशी साप असल्यास तो दिसतो. पावसाळ्यात मण्यार आणि घोणस आपल्या आवारांत येतात आणि कुत्रा नाक आधी घालतो, म्हणून हे तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते.

दुधीचा मुख्य वेल मांडवावर गेल्यावर त्याचा शेंडा खुडला. दुधीला मादी फुले मुख्य वेलापेक्षा बगलफुटींवर अधिक येतात, त्यामुळे खुडलेल्या वेलाला फळ लवकर आणि भरपूर धरते. दोडक्याची आणि दुधीची फुले सायंकाळी उमलतात, कारल्याची सकाळी. हाताने परागीकरण करायचे असेल तर त्यानुसारच वेळ ठेवावी लागते. आमच्याकडे दिवेलागणीला हे काम चालते आणि तेवढा वेळ बंड्या रेतीच्या खड्ड्यात बसून माझ्याकडे संशयाने पाहतो.

फळमाशी यंदाही आली. गुळाच्या पाण्यात कीटकनाशक कालवून उथळ भांड्यात ठेवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. ज्यांच्या आवारात कुत्रा, मांजर किंवा कोंबड्या आहेत त्यांनी तो विसरावा, कारण गोड पाणी कुत्रा चाटणारच. त्याऐवजी क्यू-ल्यूर या माशीला गंधाने ओढणाऱ्या आमिषाचे सापळे पाच फुटांवर टांगले आहेत. त्यांच्याकडे फक्त नर माश्या खेचल्या जातात, म्हणून सापळा लावला की काम संपले असे होत नाही आणि डंख बसलेली, गळलेली फळे रोज उचलावी लागतात. ती खड्ड्यात पुरली तर बंड्या दुसऱ्या दिवशी बाहेर काढून अंगणात मांडून ठेवतो. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकली की आतल्या अळ्या मरतात आणि प्रश्न मिटतो.

कुत्र्याला शिजवलेला दुधी भाकरीबरोबर चालतो, पण कडू निघालेले फळ माणसाने खाऊ नये आणि कुत्र्यालाही घालू नये. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवल्याने तो जात नाही. फळ चिरताना कापाची चव जिभेच्या टोकाने घ्यावी आणि कडू लागल्यास ते थुंकून संपूर्ण फळ टाकून द्यावे.

भाद्रपद

कुंपणावर आपोआप येणाऱ्या वेलांची झडती या महिन्यात घेतली. कळलावीचे फूल कितीही देखणे असले तरी तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे विष असते आणि उकरणाऱ्या कुत्र्याच्या आवारात कंद ठेवणे योग्य नाही. तो संपूर्ण खणून काढावा लागतो. गुंजेच्या लाल-काळ्या बियांत अॅब्रिन असते. बी अखंड गिळले तर कठीण कवचामुळे बहुधा तसेच बाहेर पडते, पण चावले तर जिवावर बेतते. खाजकुयली शेंगा धरण्याआधी कापली, कारण तिची कुसे केसाळ अंगाला चिकटली की कुत्राही तळमळतो आणि त्याला कुरवाळणारा माणूसही.

फुलवेलांपैकी जाई फाटकावर आणि मधुमालती न्हाणीच्या भिंतीवर आहे; दोघींनी बंड्याचा काही त्रास करून घेतलेला नाही. गोकर्णाच्या बिया रेचक असतात, म्हणून शेंगा वाळण्याआधी तोडतो. मनीप्लांट आवारात नाही, कारण त्याच्या पानांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया चावणाऱ्याचे तोंड सोलवटतात. द्राक्षवेल लावण्याचा आग्रह एका स्नेह्याने धरला होता. द्राक्षे आणि मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला. कडुलिंबावरची गुळवेल मात्र निर्धास्त आहे: तिचे लोंबते मूळ बंड्या ओढून तोडतो आणि ती वरून दुसरे सोडते.

आश्विन

दोडका आता उतरणीला लागला आहे आणि जूनमध्ये कडेला टोकलेला वाल त्याची जागा घेतो आहे. वालाला दिवस लहान होऊ लागल्यावरच फुले येतात, त्यामुळे खरीप वेल संपताना हा बहरात येतो आणि मांडव माघापर्यंत रिकामा राहत नाही.

पुढच्या मृगासाठी काटवल, म्हणजे करटोली, ठरवले आहे. काटवलात नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात आणि साधारण दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो. बियांपासून लावले तर फुले येईपर्यंत नर-मादी कळत नाही, म्हणून ओळख पटलेल्या वेलाचे कंद घेणे चांगले. हिवाळ्यात वेल वाळून जातो आणि कंद जमिनीत झोपतो. कुत्रा असलेल्या घरी अडचण नेमकी इथे आहे, कारण वर काही दिसत नसलेली भुसभुशीत जागा बंड्याच्या दृष्टीने मोकळी जागा असते. तेव्हा कंद चार बोटे खोल लावून मातीच्या जरा खाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी पसरायची, तिच्या कडा दगडांनी दाबायच्या आणि कोंब वर येऊ लागले की जाळीचे डोळे कात्रीने रुंद करायचे, असा बेत आहे. चार मादी कंद मिळाले आहेत. नर कंद अजून मिळालेला नाही. वर्धा किंवा अमरावती जिल्ह्यात कोणाकडे खात्रीचा नर वेल असेल तर पाने वाळण्याआधी त्याच्या बुडाशी खूण करून ठेवावी, मी बदल्यात लवकीचे बी देईन.