भाचीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा अंदाज आम्ही कसा बांधला

२०२४ च्या एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेत, माझ्या भाचीला ९२ च्या आसपास पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे शंभरातल्या साधारण ९२ मुलांच्या ती पुढे. ती नाशिकची, ओबीसी प्रवर्गातली. पुण्यात कॉम्प्युटर किंवा आयटी मिळेल का, हे ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. शेवटी कॅप राऊंडच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, आदल्या वर्षीच्या कटऑफ याद्या (कुठल्या कॉलेजात शेवटची जागा किती नंबराला गेली त्या) काढल्या आणि आम्ही मामा-भाची त्या वाचत बसलो.

२०२४ मध्ये पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाला सुमारे तीन लाख मुलं बसली होती. म्हणजे एका पर्सेंटाइलमागे तीन हजार मुलं! यादीत पर्सेंटाइलबरोबर मेरिट नंबरही, म्हणजे गुणवत्ता यादीतला क्रमांक, दिलेला असतो. मी तोच धरला, कारण मुलांची संख्या दरवर्षी बदलते आणि जागा शेवटी नंबरानेच भरतात.

खरा वेळ गेला तो रकाने समजण्यात. जीओपीईएनएच, एलओबीसीएच असली अक्षरं बघून पोरगी घाबरलीच. जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल मुलींच्या राखीव, मध्ये प्रवर्ग आणि शेवटचं अक्षर विद्यापीठाचं: एच होम युनिव्हर्सिटी म्हणजे कॉलेजच्याच विद्यापीठाच्या भागातले, ओ बाहेरचे, एस राज्यस्तर. नाशिक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतं, त्यामुळे पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत ती एचमध्ये, मुंबईत मात्र ओमध्ये. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा नामांकित कॉलेजांत सगळ्यांना एसच. शिवाय ओबीसी मुलीला ओपनचे आणि ओबीसीचे, सर्वसाधारण आणि मुलींचे, असे चारही रकाने लागू होतात. ती फक्त ओबीसीचाच बघत होती. टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ फार वर असतो, पण त्या फीमाफीच्या वेगळ्या जागा. तो आकडा बघून कॉलेज सोडून देऊ नये.

मग प्रत्येक कॉलेजच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे नंबर शेजारी शेजारी मांडले. पहिल्याच फेरीत तिच्या नंबरापर्यंत आलेली कॉलेजं जवळजवळ नक्की, फक्त तिसरीत आलेली आशेची, कधीच न आलेली स्वप्नातली.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेज-शाखांची क्रमवार यादी, भरताना माझा एकच आग्रह होता. क्रम आवडीचा लावायचा, शक्यतेचा नाही. वरचं कॉलेज लागलं नाही तर मशीन खाली सरकतं, खालच्या पर्यायाचा हक्क त्याने जात नाही. त्या वर्षी ३०० पर्यंत पर्याय देता येत होते, तेव्हा नक्की वाटणारी भरपूर टाकली. फक्त पहिल्या क्रमांकावर मनापासून हवं तेच ठेवलं, कारण २०२४ च्या नियमाप्रमाणे ते लागलं की ती जागा आपोआप पक्की व्हायची आणि पुढच्या फेऱ्या बंद.

"मामा, पण स्वप्नातली लागणारच नाहीत ना?" असं ती विचारत राहिली. तरी ती कॉलेजं वरच राहू दिली.

पहिल्या फेरीत आमच्या 'नक्की'तलं एक कॉलेज लागलं. ते हातात ठेवून बेटरमेंट घेतलं, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबलो. दुसऱ्या फेरीत 'आशे'तलं पुण्यातलं आयटी लागलं आणि तिनं त्याच दिवशी ते फ्रीझ, म्हणजे पक्कं, केलं. कॉम्प्युटर मिळालं नाही. आयटीचा अभ्यासक्रम तिनं आधीच वाचून ठेवला होता, त्यामुळे तिला तिसऱ्या फेरीची वाट बघायचीच नव्हती.