मूल खेळात रमलंय, आता हात आवरा

दीड-दोन वर्षांचं मूल जमिनीवर बसून डब्याला झाकण लावू पाहतंय. झाकण उलटं आहे. ते दाबतं, फिरवतं, तोंडात घालून बघतं, पुन्हा दाबतं. नेमका तेव्हाच मागून आवाज येतो, "अगं, उलटं धरलंयस, दे इकडे." झाकण लागतं आणि खेळ संपतो. मग मूल डबा हातात घेऊन आपल्याकडे बघत बसतं. पुढचंही तुम्हीच करा! "आमचं मूल एकटं खेळतच नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा अशी शेकडो झाकणं असतात.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू या. वर्षाच्या बाळाची तंद्री पाचेक मिनिटं लागली तरी पुष्कळ झालं. दोन वर्षांचं मूल दहा-पंधरा मिनिटं रमतं आणि चार वर्षांचं सवय असेल तर अर्धा तास सहज. हे आकडे ढोबळ आहेत, मूल भुकेलं किंवा पेंगुळलेलं असेल तर त्यातला एकही खरा ठरणार नाही. आणि एकट्याने खेळणं म्हणजे एकट्याने खोलीत राहणं नव्हे. सुरुवातीला मोठं माणूस जवळच हवं.

सुरुवात जवळीकीने करा. दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलासोबत खाली बसा, ते नेईल तिकडे जा. ते रंगलं की हळूच स्वतःचं काम हातात घ्या, पण तिथेच बसून. कपड्यांच्या घड्या उत्तम. फोन मात्र नको, मूल खेळ सोडून त्याच्याकडेच येतं. त्याने मान वर करून पाहिलं तर नजर द्या, हसा, बोलू नका. चार-पाच दिवस हे नीट जमलं की दोन हात लांब सरका, मग दारापाशी. खोलीबाहेर जाण्याची पायरी शेवटची, आणि तेव्हाही सांगून जा: "कपडे वाळत घालून येते." रडू यायच्या आत परत या. गुपचूप सटकलात तर पुढचे कित्येक दिवस मूल खेळण्याऐवजी तुमच्यावर पहारा ठेवेल. आजारपण, नवं भावंड, घरबदल यांत सगळं मागे जातं. तेव्हा एक पायरी खाली या, जबरदस्ती करू नका.

खेळण्यांचं गणित उलटं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसमोर एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी ठेवली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून मुलाचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर पाच-सहा वस्तू ठेवा, बाकीच्या आत. ज्या वस्तूकडे आठवडाभर मूल ढुंकूनही बघत नाही, ती बदला. ठोकळे सगळे न देता दहा-बारा द्या. पुठ्ठ्याची खोकी, डबे-झाकणं, ओढणी, बाहुली यांतून रोज वेगळा खेळ निघतो. बटण दाबलं की गाणारं खेळणं स्वतःच खेळतं आणि मूल नुसतं बघत राहतं. घरात असली खेळणी जितकी कमी तितकं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीव्ही बंद ठेवा, मोठ्यांचा कार्यक्रम असला तरी. २००८ सालच्या एका प्रयोगात एक ते तीन वर्षांची मुलं मागे चालू असलेल्या टीव्हीकडे फारशी बघत नव्हती, तरीही त्यांचा खेळ तुकड्या-तुकड्यांचा झाला.

सुरक्षिततेत मात्र तडजोड नाही. गुडघ्यांवर येऊन, मुलाच्या उंचीवरून खोली बघा. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल असं काहीही नको. बटण-सेल आणि छोटी लोहचुंबकं तर घरात उघड्यावर नकोतच. पोटात गेली तर आतड्यांना, अन्ननलिकेला गंभीर इजा होते. कपाटं भिंतीला पक्की करा. पाण्याचा खेळ एकट्याचा कधीच नाही, काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

आता "आई, ये ना!" या हाकेचं. "दोन मिनिटांत" हे मुलाला कळत नाही. "एवढ्या घड्या संपल्या की येते" हे कळतं, कारण ढीग त्याला दिसतो. ढीग संपला की खरंच जा. "कंटाळा आला" म्हटलं की हे घे, ते घे असं सुचवत सुटू नका. थोडी भुणभुण होऊ द्या, बऱ्याचदा त्यानंतरच मूल स्वतःचं काही शोधतं. बक्षिसाचं आमिषही नको. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली.

अडलेलं मूल चिडलं तर अगदी थोडी मदत करा. डबा धरून ठेवा, झाकण त्यालाच लावू द्या. उठायची वेळ झाली तर आधी कल्पना द्या: "अजून तीन ठोकळे, मग जेवण." आणि अर्धा राहिलेला मनोरा कोपऱ्यात तसाच उभा राहू द्या. उद्या मूल आपणहून त्याच्याकडेच जाईल.