हेलिकॉप्टरमध्ये नाडी धरून

2024 च्या लोकसभेला आमच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात 19 एप्रिलला मतदान होतं. दुर्गम केंद्रांची पथकं काही दिवस आधीच बेस कॅम्पवर जातात, त्यातली बरीच हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरने. मी दक्षिण भागातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात स्टाफ नर्स. माझी ड्युटी निवडणुकीच्या आरोग्य पथकात लागली होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी बेस कॅम्पवरून एका शिक्षकांना आणलं. वय पन्नाशीचं, वडश्याकडचे. शर्ट घामाने निथळत होता. ऊन लागलं असेल म्हणून सोबतच्यांनी ग्लुकोज पाजलं होतं. एप्रिलमध्ये इकडे कोणालाही तसंच वाटेल. ईसीजीची पट्टी बाहेर आली तशी डॉक्टरांनी आधी ॲस्पिरिन चावायला दिली, मग आम्हाला सांगितलं. हृदयविकाराचा मोठा झटका होता.

गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आमच्याकडे होतं. 15 लाख युनिट, तासाभरात हळूहळू द्यायचं. सुरू केल्याची वेळ मी चिकटपट्टीवर लिहिली आणि ती त्यांच्या दंडावर लावली, म्हणजे पुढे ज्याच्या हाती पेशंट जाईल त्याला विचारत बसावं लागणार नाही. मध्येच बीपी घसरलं. पाय वर घेतले, औषधाचे थेंब कमी केले, सलाईन वाढवलं. जरा सावरल्यावर ते म्हणाले, "मॅडम, घरी नोका सांगू जी. बायको एकटी आहे."

पुढची अँजिओग्राफी नागपूरलाच होणार होती. रस्त्याने गडचिरोली शंभरावर किलोमीटर, तिथून नागपूर आणखी पावणेदोनशेच्या आसपास. डॉक्टरांनी निवडणूक नियंत्रण कक्षाला फोन लावला. पथकं सोडून परतणारं हेलिकॉप्टर मिळालं, पण सूर्य मावळायच्या आत निघायला हवं होतं. सोबत मी गेले.

हेलिपॅडवर टँकरने पाणी मारलं होतं तरी पंख्याच्या वाऱ्याने धूळ उठलीच. पेशंटच्या डोळ्यांवर ओला रुमाल धरला, चादर स्ट्रेचरच्या पट्ट्यांखाली घट्ट खोचली. पायलटला दिसेल अशा बाजूनेच जवळ यायचं, शेपटाकडे फिरकायचं नाही, हे वायुसैनिकाने हातवारे करूनच बजावलं. ऑक्सिजन सिलिंडर आधी बांधून घेतला, मगच दार लागलं.

आत स्टेथोस्कोपचा काही उपयोग नाही. इंजिनचा आवाज इतका असतो की पेशंट बोलला तरी फक्त ओठ हललेले दिसतात. केबिनमध्ये विमानासारखा दाब राखलेला नसतो, उंची वाढली की ऑक्सिजन उतरतो. म्हणून डॉक्टरांनी निघतानाच कमी उंचीवरून न्यायची विनंती केली होती. माझी दोन बोटं त्यांच्या मनगटावर आणि नजर मॉनिटरवर. सगळं यंत्र थरथरत असताना आपल्या बोटाखाली लागते ती नाडी की इंजिनची थरथर, हे ओळखायला मन एकाग्र करावं लागतं. त्यांनी एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला, त्यांनीही केला.

तासाभराने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरलो. ॲम्ब्युलन्स धावपट्टीलगत उभी होती. त्याच रात्री स्टेंट बसला आणि उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ते वर्गावर होते.

परतीच्या गाडीत मला सुदानची बातमी आठवत होती. एप्रिल 2023 मध्ये खार्टूमच्या उत्तरेला वादी सय्यिदनाच्या धावपट्टीवर दिव्यांशिवाय, रात्रीच्या अंधारात आपल्या हवाई दलाचं सी-130जे विमान उतरलं आणि युद्धात अडकलेल्या 121 जणांना घेऊन निघालं. त्यात आजारी माणसं होती, एक गरोदर बाई होती. त्याआधी 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूलच्या दूतावासातल्या आपल्या लोकांना सी-17 ने जामनगरला आणलं होतं. सरकारने ज्याला दूर पाठवलं, त्याला परत आणायची जबाबदारी सरकारचीच. हे मला मनापासून पटतं.

पण जी बाई कामासाठी आली नाही, जन्मापासून इथेच राहते, तिचं काय? पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. पोलिसांच्या हेलिकॉप्टरने गरोदर बाईला हलवल्याचं या जिल्ह्यात घडलेलं आहे, म्हणजे ते जमतं. तरीही खाटेवर निजवून नाला ओलांडून आणलेल्या बायका आजही आमच्या दारात येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "बाळ आहे ना जी?"

वरिष्ठांना मी लेखी दिलंय. निवडणुकीत हेलिकॉप्टरसाठी जो नंबर बेस कॅम्पला मिळतो, तो पावसाळ्यात आशाताईला मिळावा. कोणत्या लक्षणांवर हेलिकॉप्टर मागवायचं ते आधीच ठरलेलं असावं, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका तरी नर्सला स्ट्रेचर चढवण्याचं शिक्षण मिळावं. शिकवायला मी तयार आहे.