राइड क्र. ५ : भोर, मांढरदेव, वाई आणि माझी शेपटाची पहिली पाळी

रविवार, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. कात्रज ते कात्रज १९१ किलोमीटर. ११ मोटारसायकली, १३ माणसे. पहिल्या चार राइडला मी ताफ्यात मध्येच कुठेतरी असायचो. या वेळी सर्वांत मागे होतो, म्हणजे स्वीप. आमच्यात त्याला सरळ शेपूट म्हणतात. लीडला, म्हणजे सर्वांत पुढे, नेहमीप्रमाणे रॉयल एनफिल्ड हिमालयनवाली ताई.

या नोंदीत निसर्गवर्णन कमी आणि ताफा कसा बांधून ठेवला याबद्दल जास्त लिहितो आहे, कारण या राइडची खरी परीक्षा तीच होती.

तिसऱ्या राइडला भोरमध्ये आमच्या दोन गाड्या हरवल्या होत्या. भोरमधून एक रस्ता वरंध घाटाने महाडकडे जातो आणि दुसरा आंबाड्यावरून मांढरदेवकडे. मधल्या दोघांना पुढची गाडी दिसेनाशी झाली आणि ते सरळ महाडच्या रस्त्याला लागले. नीरा देवघरचे पाणी दिसायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आले. फोनला रेंज नाही, आम्ही इकडे घाटाखाली थांबलेलो, ते तिकडे. दीड तास गेला आणि तेवढा वेळ सगळ्यांच्या पोटात गोळा होता. चौथ्या राइडला उपाय म्हणून 'प्रत्येकाने आरशात मागच्याला बघत राहायचे' असे ठरवले. तेही फसले. घाटात आरशात बघणारा माणूस समोरच्या वळणाकडे बघत नाही, आणि मागचा दिसावा म्हणून पुढचा हळू, त्याच्या पुढचा आणखी हळू, असे करत ताफा रांगायला लागतो.

म्हणून या वेळी मार्करची पद्धत घेतली. जगभर ग्रुप चालवणारे ती वापरतात, आम्ही पहिल्यांदाच. लीड आणि शेपूट ठरलेले, ते बदलत नाहीत. जिथे रस्ता फुटतो तिथे लीड हाताने खूण करते, आणि तिच्या लगेच मागची गाडी सुरक्षित जागा बघून तिथेच थांबते व वळणाकडे हात दाखवत राहते. बाकीचे सगळे तिच्यासमोरून निघून जातात. शेवटी शेपूट दिसले की ती गाडी सुटते आणि शेपटाच्या पुढे लागते. पुढच्या फाट्यावर नवा दुसरा थांबतो. म्हणजे लीड आणि शेपूट सोडून उरलेल्या नऊ गाड्या रहाटगाडग्यासारख्या पुढून मागे फिरत राहतात. कुणालाही कुणाच्या मागे पळावे लागत नाही. पुढची गाडी दिसली नाही तरी चालते. फाट्यावर आपला माणूस उभा नसेल तर सरळ जायचे, एवढेच लक्षात ठेवायचे.

थांबणाऱ्याला आम्ही 'मैलाचा दगड' म्हणायला लागलो, दुपारपर्यंत त्याचा नुसता 'दगड' झाला. दगडाला एकच नियम : शेपूट आल्याशिवाय हलायचे नाही. मग कुणीही काहीही सांगो.

सकाळी सहाला कात्रजहून निघालो. महामार्गाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोन तिरक्या रांगा, म्हणजे एक गाडी डावीकडे, पुढची उजवीकडे जरा मागे, आणि आपल्याच रांगेतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर. ते मोजायला पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायचे. कापूरहोळला पहिला दगड बसला, भोरच्या रस्त्याला लागलो. त्या रस्त्याचे रुंदीकरण चालू होते. कुठे गुळगुळीत काँक्रीट, कुठे एकदम माती आणि खडी. अशा ठिकाणी तिरकी रांग मोडून एकेरी व्हायचे हे आधी बोललो होतो, आणि ते खरोखर झाले. मागून बघताना मला फार बरे वाटले. अकरा गाड्यांची माळ एका लयीत उलगडली आणि पुन्हा जोडली गेली.

भोरच्या अलीकडे नीरेचे ते प्रसिद्ध वळण आहे, नेकलेस पॉइंट म्हणतात ते. पाण्यावर धुके होते. दहा मिनिटे थांबलो. भोरला मिसळ. राजवाडा बाहेरूनच पाहिला. पंतसचिवांची ही राजधानी सावकाश बघायला एक दिवस वेगळा काढायला हवा.

आणि मग तो फाटा. तिसऱ्या राइडला जिथे चुकलो होतो तिथे आरएक्स १०० (यामाहाची जुनी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही जाळणारी गाडी) वाले काका दगड म्हणून उभे होते. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. हात मांढरदेवच्या दिशेला ताणलेला, वाहतूक पोलिसासारखा. मी पोहोचलो तसा त्यांनी अंगठा दाखवला, किक मारली आणि माझ्या पुढे निळसर धूर सोडत लागले. त्या धुराचा वास पुढचे सात-आठ किलोमीटर माझ्याबरोबर होता. टू-स्ट्रोकच्या मागे चालायला मला आवडते, यात लपवण्यासारखे काही नाही.

भोर ते आंबाडे हा टप्पा या दिवसांत फार सुंदर असतो. भात कापून झालेला, खाचरांत नुसती खुंटे, बांधावर पेंढ्याच्या गंज्या. पण दुचाकीवाल्यांसाठी एक सावधगिरी : काही ठिकाणी पेंढा रस्त्यावर पसरलेला असतो. कोरडा पेंढा डांबरावर वाळूइतकाच घसरडा. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, गाडी उभी ठेवून सरळ निघून जायचे. आणि माणसे तिथे काम करत असतात, तेव्हा हॉर्न न वाजवता, वेग कमी करून. ताईने प्रत्येक ठिकाणी डावा हात खाली-वर करून इशारा दिला आणि तो माझ्यापर्यंत माणसागणिक येत राहिला.

आंबाडखिंडीचा घाट सुरू होण्याआधी एका रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे मागचे चाक बसले. त्या वेळी ती गाडी माझ्या अगदी पुढे होती. आधी मागचा भाग किंचित डोलताना दिसला, मग ती चालवणाऱ्या दादाने थ्रॉटल सोडून, मागच्या ब्रेकला हात न लावता, ती हळूहळू कडेला घेतली. त्याने हे इतके शांतपणे केले की मागे बसलेल्या वहिनींना गाडी थांबेपर्यंत कळले नाही. आऱ्यांची चाके, आत ट्यूब. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा सावकाश जाते, ट्यूबमध्ये क्षणात. काढून पाहिला तर बैलाच्या पत्रीचा खिळा, डोके झिजलेला.

ट्यूब खिळ्याने दोन ठिकाणी गेली होती, एक छेद चांगला बोटाच्या पेराएवढा. ठिगळाचा प्रश्नच नव्हता, नवी ट्यूब घालायची. शेपटाकडे असायचे सामान माझ्याकडे होते : मागच्या चाकाची ट्यूब, टायर लिव्हरची (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्यांची) जोडी, हातपंप, अॅक्सलच्या नटाचा पाना, प्रथमोपचाराची पेटी, काकांसाठी अर्धा लिटर टू-टी ऑइल. चाक काढणे, टायरची कड रिममधून सोडवणे, नवी ट्यूब चिमटू न देता बसवणे, चेनचा ताण पुन्हा जुळवणे. याला वेळ लागणार हे उघड होते. आणि रेंज नव्हती.

पुढे कळवायचे कसे? एक वडाप (प्रवासी जीप) वर चालली होती. ड्रायव्हरदादांना थांबवून सांगितले, "वर देवळाच्या फाट्यावर लाल स्प्लेंडर घेऊन एक पोरगा उभा असेल. त्याला सांगा, एक पंक्चर आहे, माणसे ठीक आहेत, तासभर लागेल." ते म्हणाले, "सांगतो, काळजी करू नका." त्यांनी खरोखर गाडी थांबवून निरोप दिला, हे नंतर कळले.

वरच्या फाट्यावर तो पोरगा असणार हे मला माहीत होते, कारण आधीच्या दगडानंतर लीडच्या मागे तोच होता. वय वीस, वडिलांची स्प्लेंडर, आमच्याबरोबर दुसरीच राइड. मांढरदेवला एक रस्ता काळूबाईच्या देवळाकडे जातो आणि एक खाली वाईला उतरतो. ठरल्याप्रमाणे ताफा देवळाखालच्या मोकळ्या जागेत थांबणार होता.

चाक घालून पंप मारून निघायला आम्हाला ७० मिनिटे लागली. एवढा वेळ लागायला नको होता. पहिल्या खेपेला ट्यूब लिव्हरखाली चिमटली जात होती आणि कड पुन्हा सोडवावी लागली. कड बसवायला सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी, म्हणजे कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरते आणि शेवटचा वीतभर टायर हाताने जातो. हे मला पुस्तकी माहीत होते, बोटांना आता माहीत झाले. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून तिला गोल आकार आणायचा, हेही.

घाट चढून वर आलो. माथ्यावर बोचरा वारा होता. रोहिडा किल्ला स्वच्छ दिसत होता, पण माझे लक्ष फाट्याकडे. तो तिथेच होता. हेल्मेट घातलेले, जर्किनची चेन गळ्यापर्यंत, उजवा हात देवळाकडे. आम्हाला बघून त्याने हात खाली घेतला आणि नुसती मान डोलावली.

वरचे हाल नंतर कळले. वीस मिनिटांनी ताईने दोघांना त्याच्याकडे पाठवले. ते म्हणाले, निरोप आलाय ना, चल, चहा घे, आपण सगळेच तिकडे थांबू. तो म्हणाला, "शेपूट आलं नाही अजून." मग त्या दोघांनी चहाच त्याच्याकडे आणून दिला. त्याने एका हाताने घेतला.

मी त्याच्या जागी असतो तर निरोप मिळाल्यावर गेलो असतो. आणि मग क्लासिकवाले दादा, वहिनी आणि मी त्या फाट्यावर येऊन कदाचित सरळ वाईला उतरलो असतो. माझ्याकडे सर्वांत जास्त सामान होते, पण त्या दिवशी ताफा बांधून ठेवला तो त्याने.

मांढरदेवला दर्शन घेतले. पौषात इथे मोठी यात्रा भरते, त्या दिवसांत मोटारसायकलींचा ताफा घेऊन इकडे अजिबात येऊ नका. हा रस्ता तेव्हा पायी येणाऱ्यांचा असतो.

वाईकडचा उतार तीव्र आहे. न्यूट्रल कुणीही नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनला गाडी धरू द्यायची, चढून येणाऱ्याला आधी वाट. एक गोष्ट काकांकडून शिकलो. आरएक्समध्ये ऑइलचा पंप थ्रॉटलला जोडलेला असतो. लांब उतारावर थ्रॉटल बंद आणि इंजिन जोरात फिरतेय, अशा वेळी सिलिंडरला तेल अगदी थोडे मिळते. म्हणून ते दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक झटका थ्रॉटल देतात. मागून मला वाटायचे की हौसेने वाजवताहेत. उजवीकडे पांडवगड आणि समोर पाचगणीचे पठार. कृष्णेचे खोरे पूर्ण उघडले तेव्हा क्लासिकवाल्या वहिनींनी दोन्ही हात पसरले, ते मला मागून दिसले.

वाईत ढोल्या गणपती. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचे पाणी फाटून दोन्ही अंगांनी जावे म्हणून. तिथून मेणवली. नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो. तिथली मोठी घंटा पोर्तुगीज आहे, वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्यांपैकी. निरखून पाहिले तर तिच्यावर मेरी आणि बाळ येशू दिसतात. जेवण गावातल्या एका मावशींकडे, पिठले आणि ज्वारीची भाकरी. जेवताना सगळ्यांनी त्या पोराशेजारी जागा धरली.

परतीचा रस्ता सुरूरचा, जे जुने वड उरलेत त्यांच्या सावलीतून. गळीत हंगाम असल्याने उसाच्या ट्रॉल्या होत्या. अंधार पडला की त्या दिसत नाहीत, बऱ्याचशांना मागे रिफ्लेक्टरच नसतो, म्हणून उजेडातच हायवे गाठला. महामार्गावर दगड बसवायचा नाही, तिथे थांबणे धोक्याचे. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून उतरताना एसच्या आकाराचे वळण आहे, तिथे वेग आधीच कमी, आणि शिरवळला सगळे गोळा. अकरापैकी अकरा. कात्रजला पावणेसात.

माझ्या होंडा युनिकॉर्नला साधारण ३.६ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरला ५३. चेन ढिली झाली होती, ताणून ग्रीस मारले. दिवसभरात १२ वेळा दगड बसला, एकदाही कुणी चुकले नाही. पुढच्या वेळी दोन बदल : घाटाआधी थांबून सर्वांनी टायर हाताने चाचपायचे, आणि शेपटाबरोबर आणखी एक गाडी ठेवायची, म्हणजे निरोप घेऊन जायला कुणीतरी असेल.

ती दुसरी गाडी लाल स्प्लेंडर असेल. टायर लिव्हरची जोडी मी त्याच्याकडेच दिली आहे. घरी मागचे चाक काढून ट्यूब बदलायचा सराव चालू आहे. पहिल्या खेपेला ५५ मिनिटे लागली, असे त्याने काल कळवले.