पाकळीचा 'ल'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बोर्ड रंगवणारा माणूस हल्ली लॅपटॉपवर फॉन्ट काढतो, हे कळलं की बेळगावात प्रश्न ठरलेला असतो : "काय हो, कॉम्प्युटरनं तुमची कला खाल्ली की?" याचं उत्तर मी 'ल'पासून देतो.

शहापुरात ज्या मास्तरांच्या हाताखाली शिकलो, ते भिंतीवर आधी खडू लावलेल्या सुतळीनं रेघ मारून घेत. तीच शिरोरेघ. मग चपटा ब्रश तिरका धरून 'ल'. दोन पाकळ्या, उजवीकडं दांडी नाही. ब्रश बोटांत फिरवायचा नाही, नुसता ओढायचा. जाड-बारीक आपोआप होतं. "पाकळी फुगली की 'ल' आजारी दिसतो," असं ते म्हणत.

पुढं फ्लेक्स आला. एका गावच्या साहित्य संमेलनाचा फलक छापून आला, तर त्यातले सगळे 'ल' दांडीचे. एक आजोबा फलकासमोर उभे राहून म्हणाले, "हे आपलं अक्षर नव्हे रे." मला ते फार लागलं. चूक कुणाची हे शोधायला बसलो तेव्हा कळलं की युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, 'ल'ला क्रमांक एकच आहे, हिंदीला तोच आणि मराठीला तोच. रूप ठरवतो फॉन्ट. मजकूर मराठी असेल तर पाकळीचा 'ल' घे, अशी सूचना फॉन्टमध्ये लिहिता येते; पण ती लिहायला आधी कुणीतरी तो 'ल' काढलेला असावा लागतो. महाराष्ट्र शासनानं २००९ साली पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण ठरवले. त्या निर्णयाचा अंमल महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीच्या नाक्यापर्यंत; बेळगाव पडलं कर्नाटकात. आमच्या दुकानांच्या पाट्यांवर ते अक्षर यायचं तर फॉन्टमधूनच येणार. मी फॉन्ट शिकायला घेतला तो यासाठी.

आणि तिथं मशीननं मला शिकवलं. फॉन्टमध्ये अक्षराची कड बिंदू ठेवून, त्यांच्यामधल्या वक्ररेषांनी काढतात. पहिल्या पाकळीला मी वीसेक बिंदू दिले होते, तर कडा खडबडीत. बिंदू कमी करत गेलो. वळण जिथं सगळ्यात डावीकडं जातं, जिथं सगळ्यात खाली येतं, तेवढ्याच जागी बिंदू ठेवले आणि पाकळी एकदम गुळगुळीत झाली. या वक्ररेषा मुळात मोटारींसाठी आल्या. १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये सिट्रोएनमधले द कास्तेल्जो आणि रेनोमधले बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याचे आकार गणितात बसवण्यासाठी त्या वापरल्या. माझा चुलतभाऊ उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन, चालवतो. स्क्रीन बघून म्हणाला, "हे आमचंच काम की!" त्याचं मशीन जी-झिरो-टू, जी-झिरो-थ्री अशी आज्ञा दिली की वर्तुळाच्या तुकड्यानं वळतं, माझी पाकळी तशी गोल नाही, यावर आम्ही रात्री अकरापर्यंत बोलत बसलो. त्यानंतर भिंतीवर ब्रश धरला की हात कुठं मंदावतो ते मला कळतं. बिंदू असतो तिथंच. मास्तरांच्या हाताला ते ठाऊक होतं, सांगायला त्यांच्याकडं शब्द नव्हते.

आमच्या पाट्यांवर वर कन्नड, खाली मराठी, म्हणून दोन्हींचं वजन, म्हणजे रेघांची जाडी, जुळवावं लागतं. युनिकोडच्या तक्त्यात दोन्ही लिप्या एकाच क्रमानं मांडल्यात. आपल्या 'ल'पासून कन्नड 'ल' बरोबर ८९६ घरं पुढं. हे मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा कितीतरी वेळ त्या आकड्याकडं बघत होतो.

सध्या 'किल्ल्या'वर अडलोय. दांडीचं अक्षर अर्धं करायचं तर दांडी काढली की झालं. पण ज्या 'ल'ला दांडीच नाही, तो अर्धा कसा करायचा, आणि तोही एकाखाली एक? मास्तर आता नाहीत. परवा आठवलं, एका जुन्या पिठाच्या गिरणीच्या पाटीवर त्यांनी पत्ता रंगवला होता, 'किल्ल्याजवळ'. गेलो. पाटी आहे अजून, अर्धी गंजलेली. फोटो काढून फॉन्टच्या खिडकीत मागं ठेवलाय. वरच्या 'ल'ची उजवी पाकळी त्यांनी अर्ध्यावर उचललीय, आणि जिथं ब्रश थांबला तिथं रंगाचा एक बारीक थेंब वाळून राहिलाय. पहिला बिंदू मी तिथंच ठेवलाय.